लक्ष हाताशी: महिला वॉर्डातल्या प्रकल्प नोंदी

६ एप्रिल

अधिसेविका मॅडमनी आज प्रकल्पाला मान्यता दिली. जागा: आमच्या उपजिल्हा रुग्णालयाचा महिला मेडिसिन वॉर्ड, ३० खाटा. मी तिथली इन्चार्ज सिस्टर. मुदत: जूनअखेर. विषय: परिचारिकांनी रोजच्या कामातच सजगतेचा सराव करणं.

मॅडमच्या मनातली मूळ कल्पना वेगळी होती. दुपारी दोनला पाळी बदलते तेव्हा सगळ्यांना अर्धा तास ध्यानाला बसवावं, असं त्या म्हणत होत्या. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "मॅडम, सकाळी आठला आलेली मुलगी दोनला पुढच्या पाळीला ओव्हर देऊन सुटते तेव्हा तिला एसटी गाठायची असते. घरी पोर शाळेतून येणार असतं. तिला आणखी अर्धा तास डोळे मिटून बसा म्हटलं तर ती बसेल, पण घड्याळाकडे कान लावून बसेल." थकलेल्या माणसाला शांत होण्याचं जादा काम देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. हात जे काम करतातच, त्यातच लक्ष घालायचं. त्या कामाला जेवढा वेळ लागायलाच हवा, त्यापलीकडे वेळ मागायचा नाही.

तीन जागा निवडल्या: हात धुण्याचं बेसिन, टीपीआरची (ताप, नाडी, श्वास मोजण्याची) फेरी आणि औषधांची ट्रॉली. या तिन्ही गोष्टी प्रत्येक पाळीत होतात, आणि तिथे लक्ष उडालं तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

७ एप्रिल

ड्यूटीरूममध्ये चहाच्या वेळी सगळ्यांना जमवून पार्श्वभूमी सांगितली. इथे थोडी सविस्तर लिहून ठेवते, म्हणजे पुढे बदलून येणाऱ्या सिस्टरना वाचता येईल.

बौद्धांच्या पाली त्रिपिटकातल्या सतिपट्ठान सुत्तात श्वासाचा भाग सुरुवातीलाच येतो, हे बऱ्याच जणींच्या कानावर असतं. त्याच सुत्तात पुढे एक उतारा आहे, आणि आमच्या कामाच्या दृष्टीने मला तोच जास्त मोलाचा वाटतो. पुढे जाताना, मागे येताना, इकडेतिकडे पाहताना, हातपाय आखडताना आणि पसरताना, चीवर आणि पात्र सांभाळताना, खातापिताना, मलमूत्र विसर्जन करताना, उभं राहताना, झोपताना, जागं होताना, बोलताना आणि गप्प राहताना भान असावं, असं त्यात सांगितलं आहे. डोळे मिटून झाडाखाली बसणाऱ्याइतकीच बेडपॅन उचलणाऱ्या बाईलाही त्यात जागा आहे. हे वाक्य मी बोलले तेव्हा वॉर्डातल्या सफाईच्या मावशींनी मान वर करून पाहिलं.

विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले, आणि इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून शिबिरं होत आली. मी तिथे दहा दिवसांचं शिबिर केलं आहे. पहाटे चारची घंटा, मौन, पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास. शिबिरात ते जमतं, कारण तिथे स्वयंपाक दुसरं कोणीतरी करतं, फोन जमा असतो आणि कोणी "सिस्टर, सलाईन संपली" अशी हाक मारत नाही. खरा प्रश्न कसारा घाट उतरल्यावर सुरू होतो.

दुसरा धागा अमेरिकेतला. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेचा कार्यक्रम सुरू केला. तिथे येणारे बरेच जण जुनाट दुखण्याचे होते, ज्यांच्यासाठी डॉक्टरांकडे फारसं काही उरलं नव्हतं. कबात-झिन यांनी पद्धत घेतली आणि धर्म बाजूला ठेवला. सजगता आज जगभरच्या रुग्णालयांत दिसते ती बरीचशी या वाटेने आली.

एका सिस्टरने सरळ विचारलं, हे आमच्या धर्मात बसतं का? रास्त प्रश्न आहे. उत्तर दुसऱ्या दोघींनीच दिलं. एक म्हणाली, नमाजाआधी वजू करताना हात, तोंड, कोपरापर्यंत बाहू, पाय असं क्रमाने धुतो, तेव्हा मन तिथेच असावं लागतं. केरळकडची सिस्टर म्हणाली, जपमाळेचा एकेक मणी सरकवताना हेच असतं. प्रकल्पात कोणतंही नाव, मंत्र किंवा फोटो असणार नाही, हे तिथेच ठरवून टाकलं.

९ एप्रिल

बेसिनपासून सुरुवात.

हात धुणं आम्हाला नव्याने शिकवायची गरज नाही. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हँडरबने (हातावर चोळायच्या जंतुनाशकाने) २० ते ३० सेकंद, हे जागतिक आरोग्य संघटनेचं परिमाण सगळ्यांना पाठ आहे. पाच वेळाही पाठ आहेत: रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, रक्त किंवा स्रावाचा संबंध आल्यावर, रुग्णाला हात लावल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. पाठ असल्यामुळेच हात आपोआप चालतात आणि मन पुढच्या खाटेवर पोचलेलं असतं.

आज एकेकीला नुसतं पाहायला सांगितलं. काही बदलायचं नाही, फक्त हाताबरोबर राहायचं. तळवा तळव्यावर. मग उजवा तळवा डाव्या हाताच्या पाठीवर. बोटांत बोटं. बोटांच्या पाठी. अंगठा मुठीत धरून फिरवायचा. बोटांची टोकं तळव्यावर. टाकीचं पाणी एप्रिलच्या दुपारी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, ते पहिल्या क्षणी कळतं. साबण निसटतो तेव्हा कातडी कुठे कोरडी पडली आहे ते कळतं. आणि अंगठ्यापाशी आल्यावर जवळजवळ प्रत्येकीचं मन निघून जातं. ही जागा आम्ही सगळ्यांनी मिळून शोधली. अंगठा आणि बोटांची टोकं धुण्यात राहून जातात, हे संसर्ग नियंत्रणाच्या प्रशिक्षणात नेहमी सांगतात. ती का राहतात ते आज आतून दिसलं. तोवर हात धुऊन झाल्यासारखे वाटतात आणि मन पुढच्या कामाला लागतं.

म्हणून सूत्र सोपं ठेवलं: अंगठ्यापाशी परत यायचं. मन गेलं तरी हरकत नाही, अंगठा आला की हातात परत.

१४ एप्रिल

डॉ. आंबेडकर जयंती. ओपीडी बंद, वॉर्ड चालू.

मावशी पहाटे वस्तीतल्या विहारात वंदना करून पांढऱ्या साडीतच आल्या. त्यांच्या सासऱ्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली होती. हे त्या आज सहज बोलून गेल्या. इतकी वर्षं सोबत काम करूनही मला ठाऊक नव्हतं. भन्तेजींकडून त्या कधीच आनापान, म्हणजे श्वासाचं भान ठेवणं, शिकल्या आहेत. "सिस्टर, तुम्ही आत्ता सांगताय, आम्ही फरशी पुसताना करतो," म्हणाल्या आणि करून दाखवलं. पोछा डावीकडून उजवीकडे ओढताना श्वास बाहेर, पाय मागे घेताना आत. मागे सरकताना पायाखाली काय आहे ते आधी टाचेला कळतं, म्हणून बादलीला धक्का लागत नाही.

प्रकल्प फक्त परिचारिकांपुरता लिहिला होता. आजपासून मावशी आणि वॉर्डातले मदतनीस मामा, दोघांची नावं त्यात आहेत. नवीन येणाऱ्यांना बेसिन मावशी दाखवतील.

१८ एप्रिल

टीपीआरची फेरी. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याबद्दल.

ताप थर्मामीटर सांगतो, नाडी आणि ऑक्सिजन बोटाला लावलेला ऑक्सिमीटर सांगतो, रक्तदाब यंत्र सांगतं. श्वासाची गती मात्र अजून डोळ्यांनी मोजावी लागते. म्हणून जगभरच्या रुग्णालयांत तीच सगळ्यात दुर्लक्षित राहते. कुठल्याही वॉर्डात जुने चार्ट काढून बघा, श्वासाच्या रकान्यात १८ किंवा २०, खाली पुन्हा २०, शेजारच्या खाटेला २०. तरणी पोर आणि ऐंशीची आजी एकाच गतीने श्वास घेत असल्याचं कागद सांगतो. आणि प्रकृती बिघडायला लागली की पहिल्यांदा हलणाऱ्या आकड्यांत हाच असतो. धोक्याची पूर्वसूचना देणारी जी गुणपद्धती ब्रिटनमध्ये वापरतात, तिच्यात १२ ते २० ला शून्य गुण, २१ ते २४ ला दोन आणि २५ किंवा त्याहून जास्त असेल तर थेट तीन गुण आहेत. म्हणजे २० आणि २६ यांत रुग्णाचा जीव वाचण्याइतकं अंतर असू शकतं.

शिबिरात दिवसचे दिवस स्वतःचा श्वास बघायला शिकवतात. परिचारिकेच्या तर कामातच दुसऱ्याचा श्वास बघणं लिहिलेलं आहे. याहून मोठा सराव बाहेर शोधायची गरज मला दिसत नाही.

पद्धत तीच, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवलेली. नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही. आपला श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो, म्हणून रुग्णाला आपण नाडीच बघतोय असं वाटू द्यायचं. नजर छातीवर किंवा पोटावर. एक वर आणि एक खाली मिळून एक. पूर्ण मिनिट.

त्या मिनिटात आकड्याशिवाय काय काय दिसतं, ते सगळ्यांनी आज ओव्हरच्या वेळी सांगितलं. नाकपुड्या फुलतात का. मानेचे स्नायू ओढले जातात का. बोलताना वाक्य मध्ये तुटतं का. पाय सुजलेत. बांगड्या एका हातात वर चढवून ठेवल्यात, म्हणजे सलाईनची सुई दुखतेय. एकीच्या उशीखाली डब्यातली चपाती तशीच होती, म्हणजे दोन दिवस पोटात काही नाही.

२१ एप्रिल

अकरा नंबरच्या आजी. काल संध्याकाळी अशक्तपणा म्हणून भरती. ताप नाही, ऑक्सिजन ९४, स्वतः उठून बसलेल्या, "मला काही झालं नाही, पोराला उगाच घाई" असं म्हणणाऱ्या.

धाकट्या सिस्टरने सकाळी मनगट धरलं आणि मोजलं. २८. तिला वाटलं आपलंच चुकलं. पुन्हा पूर्ण मिनिट मोजलं. २८ च. ती माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "सिस्टर, आजी छान बोलतायत, पण त्यांचा श्वास बोलण्याशी जुळत नाहीये." मी जाऊन पाहिलं. तीन-चार शब्दांनंतर त्या थांबत होत्या, आणि थांबा हसून भरून काढत होत्या. इतक्या खुबीने, की नुसतं ऐकणाऱ्याच्या लक्षात येणार नाही.

डॉक्टरांना कळवलं. एक्स-रेत उजव्या खालच्या भागात न्यूमोनिया. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येतोच असं नाही. ऑक्सिजन लावला, अँटिबायोटिक सुरू झालं.

धाकटीला मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. आकड्यावर विश्वास ठेवून ती दुसऱ्यांदा मोजायला थांबली. घाईत असताना न जुळणारा आकडा दुरुस्त करून टाकण्याचा मोह फार असतो, त्या मोहापाशी थांबता येणं हाच या प्रकल्पाचा गाभा आहे.

२७ एप्रिल

औषधांची ट्रॉली. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पाच मुद्दे भिंतीवर आहेतच. इथे मला भिंतीकडे न बघता वॉर्डाकडे बघायचं होतं, म्हणून सकाळच्या ट्रॉलीमागे नुसती वही घेऊन फिरले. ट्रॉलीवरच्या सिस्टरला कोण, कशासाठी थांबवतं ते लिहीत गेले.

बहुतेक हाका नातेवाइकांच्या. सलाईन संपली. डॉक्टर कधी येणार. रिपोर्ट आला का. पंखा फिरत नाही. त्याखालोखाल फोन, मग आम्हीच एकमेकींना मारलेल्या हाका. सलाईन संपल्याची हाक खोटी नसते, तिला "थांबा" म्हणणं चूक आहे. पण तिने इन्सुलिन भरत असलेल्या सिस्टरकडे का जावं?

सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिका औषधं देत असताना केलेल्या निरीक्षणांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक व्यत्ययागणिक औषध देण्यातल्या चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढत गेल्या, असं त्यात आढळलं. हे वाचल्यापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. लक्ष ठेवा, लक्ष ठेवा असं परिचारिकेला सांगत राहायचं आणि तिला दर दोन मिनिटांनी मागे ओढायचं, हा तिच्यावर अन्याय आहे. सजगता ही फक्त मनाची गोष्ट धरली की वॉर्डाची रचना सुटून जाते. मन सांभाळायचं, तसं त्या मनाच्या आसपासचा गलबलाही कोणीतरी सांभाळायला हवा. आणि तो सांभाळणं इन्चार्जचं काम आहे, माझं.

ठरवलं ते असं. ट्रॉलीवरच्या सिस्टरने लाल एप्रन घालायचा, त्यावर "औषध देत आहे, कृपया थांबा". रुग्णालयाच्या शिंपीदादांनी आजच शिवून दिला. त्या वेळात दुसरी सिस्टर किंवा ब्रदर मोकळे राहणार, सगळ्या हाका त्यांच्याकडे. ट्रॉलीवरच्या सिस्टरचा मोबाईल ड्रॉवरमध्ये.

आणि खाटेपाशी पोचल्यावर एकच कृती: नाव विचारायचं, सांगायचं नाही. "तुम्ही अमुक ना?" म्हटलं की कमी ऐकू येणारी बाई कशालाही मान डोलावते. "काकू, तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हटलं की तिला तोंड उघडावं लागतं आणि आपल्याला तिच्याकडे बघावं लागतं. सध्या सात आणि नऊ नंबरला एकाच नावाच्या बायका आहेत, आडनावही तेच, फक्त नवऱ्याचं नाव वेगळं. एकीला रक्त पातळ करण्याची गोळी आहे, दुसरीला नाही.

५ मे

जागतिक हात स्वच्छता दिन. पोस्टर, रांगोळी, फोटो झाले. ऊन इतकं की दुपारनंतर टाकी रिकामी. बेसिन कोरडं असेल तर बेसिनपाशी भान ठेवायला सांगणं व्यर्थ आहे. प्रत्येक दोन खाटांमागे हँडरबची बाटली टांगली. उष्माघाताच्या खाटा वेगळ्या काढल्या.

१२ मे

जागतिक परिचारिका दिन. मेणबत्त्या घेऊन शपथ झाली. मला बोलायला सांगितलं होतं.

हार्वर्डच्या दोन संशोधकांचा २०१० चा अभ्यास सांगितला. २,२५० माणसांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं गेलं, आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का, कसं वाटतंय. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन भलतीकडे होतं, आणि भलतीकडे असताना माणसं कमी सुखी होती. काम नावडतं असलं तरी हेच. सभागृहात कुजबुज झाली, कारण आपल्याला उलट वाटतं. नावडत्या कामात मन दुसरीकडे नेलं की काम सुसह्य होतं असं धरून आपण चालतो.

पण त्याच व्यासपीठावरून दुसरी गोष्टही सांगितली, आणि ती ठासून सांगितली. रिक्त पदं भरायचा पर्याय म्हणून सजगतेकडे कोणी बघू नये. रात्री ३० खाटांना दोघीच असतील, तर कितीही भान असलेल्या दोन सिस्टर चार होत नाहीत. प्रमुख पाहुणे ऐकत होते. मॅडमनी नंतर हात दाबला.

१७ मे

धाकट्या सिस्टरविषयी लिहिते, तिची परवानगी घेऊन.

गेल्या आठवड्यात वॉर्डात तिच्या वयाची एक मुलगी गेली. त्यानंतर ही रिकाम्या वेळी स्वतःहून श्वास बघायला बसायची. परवा ड्यूटीरूममध्ये तशीच बसली असताना छाती धडधडायला लागली, हात गार पडले, गुदमरतंय असं म्हणायला लागली. एका सिस्टरने मायेपोटीच "श्वासावर लक्ष दे, श्वासावर" असं सुरू केलं. त्याने वाढलं. भीतीचं घर छातीतच असताना तिथेच लक्ष न्यायला सांगितलं तर माणूस आणखी आत कोंडला जातो.

मी तिचे डोळे उघडायला लावले. बूट काढून तळपाय फरशीवर. फरशी कशी आहे? गार. समोर काय दिसतंय? कपाट. रंग? करडा. कपाटावर काय आहे? हातावर नळाचं पाणी सोडलं. हळूहळू आवाज जागेवर आला. तोवर डॉक्टरांना बोलावून तपासून घेतलं होतंच, कारण छातीतल्या धडधडीला भीतीचं नाव देऊन मोकळं होणं परिचारिकेला शोभत नाही.

यावरून नियम लिहिला, तो ड्यूटीरूमच्या दारामागे लावला आहे. डोळे मिटण्याची सक्ती नाही. श्वासाची सक्ती नाही. हाताचा तळवा, पायाचा तळवा, समोरची वस्तू, यांपैकी काहीही चालेल. ताज्या दुःखात असलेल्या माणसाने एकटीने ध्यानाला बसू नये. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, मोठ्या अक्षरांत. तो जसा रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आहे, तसाच आपल्यासाठीही आहे. ती आता जिल्हा रुग्णालयाच्या समुपदेशकांकडे जाते आहे.

एकीने विचारलं, मग गोळ्या चांगल्या की हे चांगलं? २०२२ च्या अखेरीला प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत चिंताविकाराच्या २७६ रुग्णांची विभागणी केली होती. काहींना एसिटालोप्राम ही चिंतेवरची गोळी, काहींना कबात-झिन यांचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम. दोन्ही गटांत चिंता सारखीच उतरली. पण तिथे प्रशिक्षित शिक्षक होते, आठवड्याचे वर्ग होते, घरी रोजचा सराव होता. आपलं बेसिनपाशीचं मिनिटभर म्हणजे ते उपचार नव्हेत. कोणी चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, हे मी त्याच दमात सांगितलं.

२३ मे

रात्रपाळीची पाहणी. पहाटे तीन ते पाच शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि झोप अनावर होते. त्या वेळी डोळे मिटून सजगता म्हणजे सरळ झोपच. म्हणून रात्रीसाठी फक्त चालणं ठेवलं: फेरी मारताना टाच, तळवा, बोटं. चप्पल फटफट वाजली की पाय आपल्यापाशी नाही, असं रात्रीच्या ब्रदरने शोधून काढलं. रुग्णांची झोपही मोडत नाही.

दोघींनी आलटून पालटून वीस मिनिटं डोळा लावणं जास्त उपयोगी आहे, असं माझं मत मॅडमना लेखी कळवलं.

२९ मे

साप्ताहिक सुट्टी. प्रकल्पाची नोंद घरची का, असं कोणी विचारेल. पण "रोजच्या जगण्यात" म्हणायचं आणि रुग्णालयाच्या फाटकापाशी थांबायचं, हे मला पटत नाही.

सकाळी ज्वारीच्या भाकरी केल्या. पीठ गरम पाण्यात मळताना तळहाताच्या टाचेखाली ते आधी तुटतं, मग एकदम सलग होतं. थापताना परात फिरते, बोटं कडेला जातात. कडा जाड राहिली की भाकरी फुगत नाही. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची. या सगळ्यात वॉर्ड डोक्यात येत-जात होता. आला की बोटांकडे परत. आईला हे वेगळं शिकावं लागलं नसावं, तिच्या हाताशी एका वेळी एकच गोष्ट असायची. माझ्या ओट्यावर फोन होता, तो मी आतल्या खोलीत नेऊन ठेवला.

मुलगी समोर बसून शाळेचं काहीतरी सांगत होती. मध्येच म्हणाली, "आई, तू आज हं-हं करत नाहीयेस."

९ जून

पाऊस सुरू झाला आणि तापाच्या बायकांनी वॉर्ड भरला. खाटा संपल्या, खाली गाद्या घातल्या. आता खरी परीक्षा.

पूर्ण मिनिटाची मोजणी अशा दिवसांत सगळ्यांसाठी शक्य नाही, हे मान्य करावं लागलं. तीस रुग्णांना तीस मिनिटं, त्यावर गाद्यांवरच्या. सगळ्यांशी बसून ठरवलं: नवीन भरती, दम्याच्या, हृदयाच्या, ऑक्सिजनवरच्या आणि ज्यांच्याकडे बघून मन अडखळतं त्या सगळ्यांना पूर्ण मिनिट. श्वास एकसारखा असलेल्या बाकीच्यांना अर्धा मिनिट, दुप्पट करून. पण न मोजता कोणाचाही आकडा लिहायचा नाही. वेळ मिळाला नाही तर रकाना कोरा ठेवायचा. कोरा रकाना पुढच्या पाळीला खरं काय ते सांगतो.

लाल एप्रन टिकला. गर्दीत तो जास्तच कामाला आला. मामा ट्रॉलीपुढे चालतात आणि नातेवाइकांना म्हणतात, "ताई, माझ्याशी बोला, सिस्टर आत्ता मोजतायत." बेसिनचं मात्र हलकं पडलं आहे. हँडरब चोळत चोळतच सगळ्या पुढच्या खाटेकडे निघतात. मावशी अधूनमधून नुसतं "अंगठा" एवढंच म्हणतात.

१६ जून

अकरा नंबरच्या आजी तपासणीला आल्या होत्या, आता ठीक आहेत. धाकटीला शोधत वॉर्डात आल्या. "ती पोरगी माझा हात धरून गप्प उभी राहायची," म्हणाल्या, "मला वाटायचं माझ्यासाठी देवाचं काहीतरी म्हणतेय." धाकटीने खरं काय ते सांगितलं. आजींना ते जास्तच आवडलं.

२४ जून

अहवाल मॅडमना दिला. आकड्यांचे आलेख काढले नाहीत. एका वॉर्डातल्या एवढ्याशा काळावरून चुका इतक्या टक्क्यांनी घटल्या असं लिहिणं मला प्रामाणिक वाटत नाही. काय टिकलं, काय हलकं पडलं आणि कशामुळे, ते लिहिलं. शिफारशी चार: औषधांच्या वेळी एक व्यक्ती हाकांसाठी मोकळी ठेवणं ही कायमची ड्यूटी म्हणून रोस्टरवर यावी. श्वासाचा कोरा रकाना हा दोष धरू नये. रात्रपाळीच्या छोट्या झोपेला मान्यता मिळावी. आणि पावसाळ्यात भरतीच्या दिवशी जादा सिस्टर मिळावी.

पहिल्या दोन मंजूर झाल्या. तिसरीवर वैद्यकीय अधीक्षकांशी बोलणं व्हायचं आहे. चौथी वरच्या कार्यालयात गेली आहे, मी पाठपुरावा करत राहीन.

१ जुलैपासून पुरुष वॉर्डात सुरुवात. तिथल्या इन्चार्ज सिस्टरनी आज येऊन टीपीआरची फेरी पाहिली. त्यांच्याकडे भिंतीवरचं घड्याळ बंद आहे आणि मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवला तर मिनिट मोजायचं कशावर, हा त्यांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. दोन्ही वॉर्डांसाठी मोठ्या सेकंदकाट्याची घड्याळं मागणारं पत्र भांडारात दिलं. धाकटी सिस्टर पहिले काही दिवस त्यांच्या सकाळच्या पाळीला जाईल. शिंपीदादांना आणखी एक एप्रन सांगितला आहे, या वेळी खिसा मोठा हवा.